निरंक

आमच्या घरात कुठलाही फॉर्म आला की तो फिरत फिरत शेवटी माझ्यापुढे येतो. याचे कारण माझे अक्षर. अण्णा होते तोवर हे काम त्यांचे होते. त्यांच्यामागे त्यांचा चष्मा आईने कपाटात ठेवला आणि फॉर्म माझ्याकडे आले. शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढवायचे असो, शेजारच्या मुलाचा अकरावीचा प्रवेश असो, की कुणाच्या पेन्शनचा हयातीचा दाखला असो, ‘ताईंना विचारा’ हे ठरलेले. आता सगळेच संगणकावर भरायचे असते, तेव्हा अक्षराचे कौतुक ते काय, असे कुणी म्हणेल. पण आमच्याकडे आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चा मसुदा होतो आणि मगच तो यंत्रात जातो. शिवाय मी मराठीची प्राध्यापिका. वीस-बावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात गेली. रिकामी जागा दिसली की ती भरल्याखेरीज माझ्या जिवाला चैन पडत नाही.

गेल्या वर्षी मात्र माझ्या हातून एक रकाना असा भरला गेला, की तो आठवला म्हणजे आजही मला माझ्या सुंदर अक्षराची लाज वाटते.

माझ्या धाकट्या भावाने कॅनडाला जायचे ठरवले. तो हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकावर काम करतो. आमच्या लहानपणी कुणी परदेशी निघाले की गल्लीत पेढे वाटत. आता चौथ्या घरात एक जण तिकडे असतो, त्यामुळे पेढ्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता गुणांचा. कौशल्याच्या जोरावर कायमचे राहायला येऊ इच्छिणाऱ्याला कॅनडा सरकार परीक्षेला बसवते. शिक्षण, भाषा, अनुभव, वय अशा सहा बाबींचे मिळून शंभर गुण आणि उत्तीर्ण व्हायला ६७. आमच्या विद्यापीठाने एवढी मर्यादा ठेवली असती, तर माझा निम्मा वर्ग घरी बसला असता. वयाचे गुण पस्तिशीपर्यंत पुरे बारा, आणि पुढे दर वर्षाला एक एक कमी. भाऊ छत्तिसाव्यात होता, त्याला अकरा मिळाले. मी गंमत म्हणून स्वतःचे मोजले. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला एक गुण मिळतो. तोही काही वाईट नाही म्हणा. सत्तेचाळीस लागले की शून्य.

हे ६७ म्हणजे नुसते दार. आत गेल्यावर पुन्हा दुसऱ्या मापाने तोलतात, क्रमवारी लावतात, आणि वरच्या लोकांना बोलावणे पाठवतात. बोलावणे आले की साठ दिवसांत सगळे कागद द्यायचे. भावाला बोलावणे आले आणि त्या रविवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. मी, आई आणि भाऊ. भावाची बायको माहेरी गेली होती.

त्या कागदांत एक भाग कुटुंबाच्या माहितीचा होता.

‘कुटुंब’ हा शब्द दिसला की माझ्यातली मास्तरीण जागी होते. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘कुटुंब’ म्हणजे बायको. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असे म्हणत, आणि घरात मागे आठ माणसे असत. एकाच शब्दात बायकोही मावायची आणि सगळा गोतावळाही. कॅनडाच्या कायद्यात तसा घोळ नाही. तिथे कुटुंबातला माणूस म्हणजे नवरा किंवा बायको, लग्नावाचून सोबत राहणारा जोडीदार, आणि अवलंबून असलेली मुले. मूल बावीस वर्षांच्या आत हवे आणि त्याचे लग्न झालेले नसावे. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ते आईबापांवरच विसंबून असेल तर वयाची अट सुटते. आई-वडील या व्याख्येत नाहीत. त्यांना नंतर वेगळा अर्ज करून न्यावे लागते. बहीण तर नाहीच नाही. मात्र अर्जदाराचा भाऊ किंवा बहीण आधीपासून तिथे कायमची राहत असेल, तर तिच्या नावावर त्याला वरच्या मापात पंधरा गुण मिळतात! पुण्यातल्या बहिणीला काही नाही.

पण कुटुंबातली नसली तरी माहिती सगळ्यांची हवी असते. आई, वडील, सख्खे, सावत्र, दत्तक, सगळे भाऊ-बहीण. नाव, जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय. माणूस वारले असेल तर कधी आणि कुठे. प्रत्येकाच्या नावापुढे एक प्रश्न : सोबत येणार का?

आईच्या जन्मतारखेपाशीच गाडी अडली.

‘‘एक जून लिही,’’ आई म्हणाली.

‘‘आई, ती शाळेत घातलेली तारीख. खरी सांग.’’

‘‘खरी कुणी लिहून ठेवली होती? आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी झाले, एवढं माझी आई सांगायची. कॅनडावाल्यांना आषाढी कळते का?’’

एक जून लिहिले. महाराष्ट्रातली किती माणसे एक जूनला जन्मली आहेत, हे पाहून तिकडचा कारकून चकित होत असेल. मग अण्णा आले. जन्म, मृत्यू, गाव. त्यांच्या नावापुढे ‘सोबत येणार का?’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहिताना भावाचा आवाज जरासा बसला.

मग भावंडे. मी माझे नाव लिहिले आणि खाली रेघ ओढली. आई म्हणाली, ‘‘आणि तो?’’

‘‘कोण तो?’’

‘‘तुझ्या पाठचा.’’

मला पुसट आठवते. मी पाच वर्षांची होते. आईला दवाखान्यातून आणले होते, घरात शेपूबाळंतशोपांचा वास होता, आणि एका सकाळी सगळे गप्प झाले. तो अकरा दिवसांचा होता. पुढे पाच वर्षांनी हा भाऊ झाला. मधल्या त्या मुलाबद्दल आमच्या घरात कधी बोलणे निघाले नाही. इतकी वर्षे आई त्याला मोजत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

भाऊ हळूच म्हणाला, ‘‘आई, त्याचं नाव काय लिहायचं?’’

‘‘नाव कुठलं? बारसंच झालं नव्हतं.’’

तो रकाना आम्ही तसाच ठेवला आणि पुढे गेलो. पुढे होती मुले.

इथे थोडे मागे जाऊन सांगायला हवे. माझ्या भावाचे हे दुसरे लग्न. पहिले सहा वर्षांपूर्वी मोडले. कुणाचे चुकले हे मी सांगत बसत नाही. मी त्याची बहीण आहे, माझा न्याय कोण मानील? त्या लग्नाची एक मुलगी आहे. न्यायालयाने ताबा आईकडे दिला. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. आई तिला घेऊन नाशिकला माहेरी गेली. भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो आणि दर महिन्याला भेटायला जायचे ठरवतो. पहिल्या वर्षी गेला, मग दोन महिन्यांनी, मग वाढदिवसाला, मग फोनवर. दुसरे लग्न ठरले तेव्हा नव्या सोयऱ्यांना सगळे सांगितले होते; पण सांगितल्यावर तो विषय असा मिटवला, की जणू सांगणे हाच त्याचा शेवट.

‘मुले’ या शब्दापाशी माझे पेन थांबले. मी भावाकडे पाहिले.

‘‘तो अर्ज भरून देणारा सल्लागार म्हणतोय, लिहू नका,’’ तो म्हणाला. ‘‘ती येणार तर नाहीच. ताबा तिच्या आईचा. नाव लिहिलं की तिचे कागद मागतील, तिची तपासणी मागतील, पैसे तिघांच्या हिशेबानं दाखवावे लागतील. पुन्हा नाशिकला जाऊन त्या लोकांच्या दारात उभं राहायचं. शिवाय हिच्या घरी...’’ वाक्य त्याने तिथेच सोडले.

मी काय करायला हवे होते, ते आता मला सहज सांगता येते. तेव्हा मी काय केले ते सांगते. सरकारी कागदात ‘काही नाही’ यासाठी एक सुरेख शब्द आहे. तो मला लहानपणापासून आवडतो, कारण अण्णांच्या कचेरीतल्या प्रत्येक तक्त्यात तो असायचा. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले : मुले - निरंक.

आई चष्मा पुसत होती. तिने कागद पाहिला नव्हता, पण ऐकले सगळे होते. ती भावाला काहीच बोलली नाही. मला म्हणाली,

‘‘त्याचं बारसं झालं नव्हतं, म्हणून त्याचं नाव लिहिता आलं नाही. हिचं बारसं तर तूच केलंस ना?’’

आणि उठून आत गेली.

वाचकांपैकी ज्या आत्या आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. मी पाळण्यावर ओणवून त्या इवल्या कानात ‘कुर्रर्र’ केले होते, मागून बायकांनी पाठीत धपाटे घातले होते, आणि जे नाव मी आठ दिवस शब्दकोश चाळून काढले होते, ते सगळ्यांच्या आधी तिला एकटीला सांगितले होते. भावाने मला त्याबद्दल पैठणी घेतली होती. ती मी अजून नेसते. तेच नाव मी निरंक केले होते.

त्या रात्री मी कॅनडा सरकारचे नियम वाचायला घेतले. मराठीच्या बाईने कायदा वाचणे म्हणजे जरा गंमतच. पण व्याकरण शिकवणाऱ्याला नियमांची भीती नसते. वाचता वाचता माझ्या लक्षात आले, की सल्लागाराने अर्धेच सांगितले होते आणि सोपे तेवढेच सांगितले होते. मूल सोबत येणार नसले, दुसऱ्या पालकाच्या ताब्यात असले, तरी ते लिहावेच लागते. नुसते लिहून भागत नाही. त्याची वैद्यकीय तपासणीही व्हावी लागते. आणि अर्ज करताना जे मूल दाखवले नाही, तपासले गेले नाही, त्याला पुढे बाप कुटुंबाच्या वर्गातून बोलावू शकत नाही. उद्या परिस्थिती पालटली, आईच म्हणाली की आता हिला बापाकडे जाऊ दे, तरी ते दार बंद. दयेच्या नावाखाली विनंती करता येते. पण विनंती निराळी आणि हक्क निराळा. वर खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर पाच वर्षे त्या देशात पाऊल टाकायला बंदी.

हे नुसते कागदावरचे नाही. फिलिपाइन्समधून १९९३ साली तिकडे गेलेल्या एका बाईने अर्जात एकच मुलगी दाखवली होती. दोन मुलगे मागे बापाकडे होते, त्यांचा उल्लेख केला नव्हता. पुढे तिने त्यांना बोलवायचे ठरवले तेव्हा हाच नियम आड आला. प्रकरण अपिलाच्या न्यायालयापर्यंत गेले आणि २००५ साली न्यायाधीशांनी नियम कायम ठेवला. ती बाई दुष्ट होती असे मला वाटत नाही. तिच्याही टेबलावर कुणीतरी म्हणाले असेल, की ते येणार तर नाहीतच, मग लिहायचे कशाला.

आमची मुलगी नऊ वर्षांची. तिला बावीस व्हायला तेरा वर्षे होती. तेरा वर्षांत काय काय होते, हे आमच्याच घराने पाहिले होते. आणि मी दोन शब्दांत तिची तेरा वर्षे पुसायला निघाले होते.

सकाळी मी भावाला हे सगळे वाचून दाखवले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘ताई, मला नियमाची भीती नाही वाटत. तिचं नाव लिहायचं म्हणजे पुढे ‘सोबत येणार का’ तिथे ‘नाही’ असं माझ्या हातानं लिहायचं. त्यापेक्षा न लिहिणं सोपं होतं.’’

मी इतकी वर्षे त्याला निष्काळजी समजत होते. त्या दिवशी मला कळले, की काही माणसे विसरत नाहीत. आठवण येईल त्या रस्त्याने जात नाहीत, एवढेच.

राहता राहिली त्याची बायको. ती माहेरून आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन, शब्द जुळवत जुळवत सांगू लागले. तिने मला मध्येच थांबवले. ‘‘ताई, मुलगी आहे हे मला लग्नाआधीच सांगितलं होतंत. मग नाव लिहायला माझी हरकत असेल, असं तुम्ही सगळ्यांनी परस्पर कसं ठरवलंत? मला कुणी विचारलं का?’’ मला उत्तर सुचले नाही. तिच्या नावावर आम्ही आमचाच भ्याडपणा खपवला होता. तिघांच्या हिशेबाने बँकेतली शिल्लक किती लागेल, हे तिनेच बसून काढले. तेवढी होती.

नाशिकला मी गेले. भावाला मीच म्हटले, आधी मला जाऊ दे. एस.टी.त चार-पाच तास मी मनाशी वाक्ये घोळवत होते. ज्या भावजयीला एके काळी मी हाताने हळद लावली होती, तिला आता काय म्हणून हाक मारायची? मराठीत नात्यांना इतके शब्द आहेत, की इंग्रजीच्या एका ‘आंटी’त आपल्या आत्या, मावशी, काकू, मामी अशा चौघी बसतात, पण मोडलेल्या नात्याला आपल्याकडे शब्द नाही. ‘माजी भावजय’ हे काही हाक मारण्याचे नाव नव्हे.

दार तिनेच उघडले. मी नावाने हाक मारली. तिने ‘‘या, ताई’’ म्हटले, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. कागद दोनदा वाचले. मग शांतपणे म्हणाली, ‘‘सही देते. तपासणीलाही मी स्वतः नेईन. ही वाट मी तिच्यासाठी बंद करणार नाही. पण एक सांगते, ताई. सहा वर्षांत तुम्ही या घरी पहिल्यांदा आलात, त्या कागदासाठी आलात. एकदा नुसत्या तिच्यासाठी आला असतात, तर बरं वाटलं असतं.’’

आवाज चढवून बोलली असती, तर मला काहीतरी बोलता आले असते.

तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे करून चालत नाही. कॅनडा सरकारने नेमलेल्या ठरावीक डॉक्टरांकडेच जावे लागते. ती दोघी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला आल्या. मी आणि भाऊ पुण्याहून गेलो. दवाखान्याच्या बाकावर बापलेक शेजारी बसले, मधे तिचे दप्तर. तो तिला शाळेचे विचारत होता आणि ती पाहुण्यांना द्यावीत तशी नीट, पुऱ्या वाक्यांत उत्तरे देत होती.

उंची, वजन, डोळे झाले. बाहेर आल्यावर ती माझ्यापाशी आली.

‘‘आत्या, मी कॅनडाला जाणार आहे का?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मग मला कशाला तपासलं?’’

काय सांगावे, हे मला पटकन सुचेना. शेवटी म्हणाले, ‘‘त्यांना बाबाच्या घरात कोण कोण आहे ते लिहून द्यायचं असतं. तू आहेस म्हणून.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘मी नाशिकला राहते, तरीपण?’’

‘‘तरीपण.’’

‘‘माझं स्पेलिंग बरोबर लिहा,’’ ती म्हणाली. ‘‘सगळे एक ए कमी लिहितात.’’

घरी आल्यावर मी मसुद्याचा तो कागद फाडला आणि नवा घेतला. नाव पुरे, स्पेलिंग तिने सांगितले तसे. नाते : मुलगी. पत्ता : नाशिक. सोबत येणार का : नाही. ते ‘नाही’ भावाने स्वतः लिहिले. त्याचे अक्षर फार वाईट आहे; पण तो शब्द स्पष्ट आला. त्या मुलीचे नाव मी इथे छापत नाही. जिथे लिहायला हवे होते, तिथे ते लिहिले आहे.

मधल्या त्या अकरा दिवसांच्या भावाचेही आम्ही लिहिले. नावाच्या जागी ‘नाव ठेवले नव्हते’ एवढेच. त्याचा अर्जाशी काही संबंध होता की नाही, कोण जाणे. आईने तो कागद वाचून पाहिला, घडी करून टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला गेली.

परक्या देशाच्या कायद्याबद्दल मला फारसे प्रेम वाटण्याचे कारण नाही. माझ्या आईला तो कुटुंबात धरत नाही, आणि मला तर नाहीच. पण ‘सोबत येणार नाही’ अशी एक जागा त्या तक्त्यात होती. दूर राहणारे, ताब्यात नसलेले, न्यायालयाने वाटून दिलेले माणूसही आधी लिहा, मग येणार की नाही ते सांगा, असे तो म्हणत होता. आमच्या घरात अशी जागा नव्हती. आमच्याकडे माणूस एक तर पंगतीत, नाहीतर निरंक.

भाऊ आणि भावजय या जूनमध्ये गेली. विमानतळावर जायच्या आधी तो नाशिकला जाऊन आला, आणि कागदाचे काहीही काम नव्हते.

दिवाळीत भाऊबिजेनंतर दोन दिवस मुलगी आमच्याकडे येणार आहे. तिच्या आईने पाठवायचे कबूल केले आहे. आई महिनाभर आधीच फराळाच्या तयारीला लागली, आणि परवा मला म्हणाली, ‘‘तिला काय आवडतं गं?’’ आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. लाडू की करंजी की शंकरपाळे, आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी मी नाशिकला फोन लावून विचारले.

तिला चकली आवडते.